सुतकाचा पुरावा

आमच्या कुळाचा वृत्तांत छापायचा, हे ठाण्यात काकांच्या ओटीवर ठरलं. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, कचेरीतून निवृत्त झालेले. खोपटच्या अलीकडे त्यांचं बैठं घर होतं. त्या सुमारास बऱ्याच घराण्यांना कुलवृत्तांत काढायची हौस आली होती. शेजारच्या आळीतल्या एका घराण्याचं पुस्तक छापून आलं आणि काकांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

"त्यांचं पुस्तक उशाला घेऊन झोपता येतं," काका म्हणाले. "आपलं निदान मांडीवर ठेवल्यावर जाणवलं तरी पाहिजे."

मी तेव्हा मुंबईतल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. डोंबिवलीला आईवडील आणि धाकटी बहीण यांच्यासोबत राहत होतो. वर्तमानपत्रात नोकरी असल्यामुळे टिपणं ठेवायचं काम माझ्याकडे आलं. वडिलांनी हरकत घेतली नाही. ते कशालाच हरकत घेत नसत आणि कशालाच होकारही देत नसत. "थोरल्यांना विचारा," एवढंच म्हणत. बहीण डोंबिवलीच्या एका शाळेत शिकवत होती. तिचं अक्षर चांगलं होतं, म्हणून तीही या कामात ओढली गेली.

पहिल्याच बैठकीत मी दैनिकाच्या कचेरीतला नियम घरात आणला. प्रत्येक माहिती चिठ्ठीवर उतरवायची. चिठ्ठीवर तीन ओळी. काय सांगितलं, कोणी सांगितलं, आणि सांगणाऱ्याला ते कसं कळलं. दोन माणसांनी एकमेकांना न विचारता तेच सांगितलं, तर ते छापायचं. एकट्यानं सांगितलेलं असलं, तर पुढे 'असे म्हणतात' जोडायचं.

"मला कसं कळलं म्हणजे?" काका म्हणाले. "मला वडिलांनी सांगितलं."

"त्यांना कसं कळलं?"

"ते माझे वडील होते."

बहिणीनं ते उत्तर चिठ्ठीच्या तिसऱ्या ओळीवर जसंच्या तसं लिहिलं.

कागदाची टंचाई होती. मी छापखान्यातून गॅली प्रुफांच्या पाठकोऱ्या पट्ट्या आणत असे आणि बहीण त्या कात्रीनं कापत असे. त्यामुळे आमच्या प्रत्येक पूर्वजाच्या पाठीवर त्या आठवड्यातली एखादी बातमी छापलेली असे. एकदा काकांनी चष्म्याशिवाय चिठ्ठी उलटी धरली आणि पाहुण्यांसमोर खड्या आवाजात वाचून दाखवलं की, खापरपणजोबांचा साखरेचा कोटा कमी करण्यात आला आहे. पाहुण्यांनी खेदानं मान हलवली.

चिठ्ठ्या ठेवायला बिस्किटांचे तीन डबे होते. एकावर 'पाहिलेलं', दुसऱ्यावर 'ऐकलेलं', तिसऱ्यावर 'वाटलेलं'. डब्यांत विषयवार गड्ड्या होत्या, दोऱ्यानं बांधलेल्या. लग्नं, दत्तकं, तीर्थयात्रा, सुतकं, भांडणं. तिसरा डबा सर्वांत आधी भरला.

आडनावाचा मोठा घोळ होता. आमचं आडनाव गावावरून पडलेलं. त्या गावातून जो कोणी बाहेर पडला, तो हेच आडनाव घेऊन पडला. काकांना त्यात घोळ दिसत नव्हता. त्यांच्या मते हे सगळे आपलेच होते, फक्त त्यांना ते ठाऊक नव्हतं. एका रविवारी ते आम्हा दोघांना घेऊन खाडीपलीकडे कळव्याला गेले. तिथं आमच्या आडनावाचं एक घर होतं. शेतीवाडी आणि मिठागरं असलेलं, पिढ्यान् पिढ्या तिथंच राहिलेलं. घरचे मालक खाटेवर बसून विडी ओढत होते. काकांनी त्यांना आपलं मूळ गाव, कुलदैवत आणि कुलवृत्तांताचं महत्त्व सविस्तर सांगितलं.

मालकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "तुमचे गावाला मिठागर हाय का?"

"नाही."

"मंग आमी तुमचं नाय नि तुमी आमचं नाय. पन जेवल्याबिगर जायाचं नाय."

आम्ही जेवून आलो. परतताना काका म्हणाले, "पाहुणचार अगदी आपल्याकडच्यासारखा होता." बहिणीनं ती चिठ्ठी तिसऱ्या डब्यात टाकली.

सन-तारखा कुणालाच आठवत नसत. लेखी पुरावा म्हणावा तर मृत्यूचं पत्र वाचताक्षणी फाडून टाकायची रीत होती, ते घरात ठेवत नसत. दर मृत्यूला एक कागद हमखास तयार होई आणि त्याच दिवशी हमखास नाहीसा होई. पण लोकांना एक गोष्ट पक्की आठवत असे, ती म्हणजे बुडालेला सण. भाऊबंदांत कुणी गेलं की दहा दिवस सुतक, देवपूजा बंद, सण बंद. त्यामुळे सत्तरीची बाई आजोबांच्या मृत्यूचं साल सांगू शकत नसे, पण त्यांच्यापायी कुठली संक्रांत बुडाली आणि तिळगुळाचं काय झालं, हे तिला काल घडल्यासारखं आठवे. आम्ही तीच कालगणना धरली.

सुतकाचा दुसराही उपयोग होता. कोण भाऊबंद आणि कोण परका, हे त्यावरूनच ठरे. काकांची कसोटी सरळ होती. "सुतक येतं का? मग आपले."

आणि या कसोटीवर कल्याणचं एक घर पक्कं आपलं होतं. आडनाव तेच. नातं कुठल्या पिढीत जुळतं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. पण त्यांच्याकडे कुणी गेलं की निरोप ठाण्याला येई, आमच्याकडे कुणी गेलं की निरोप कल्याणला जाई, आणि दोन्ही घरं दहा-दहा दिवस पाळत. लग्नामुंजीची बोलावणी मात्र कधी आली-गेली नव्हती. दोन्ही घरांना एकमेकांची फक्त मेलेली माणसं ठाऊक होती.

तिथला जिवंत माणूस पहिल्यांदा आला तो आम्ही टपालानं घरोघर पाठवलेला प्रश्नांचा कागद भरून घेऊन आला. पंचविशीतला, रेल्वेत नकाशे काढायच्या कामाला. काकांनी कागद वाचायला घेतला. गोत्राच्या रकान्यात लिहिलं होतं: काश्यप. आणि 'हे कसे कळले' या रकान्यात: गोत्र ठाऊक नसल्यास काश्यप म्हणावे असे भटजींनी सांगितले.

"म्हणजे तुम्हाला गोत्र ठाऊक नाही," काका म्हणाले.

"नाही. पण भटजींनी सांगितलं, हे पक्कं ठाऊक आहे."

बहिणीनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तीन महिन्यांत तिसरी ओळ नीट भरणारा तो पहिला माणूस होता.

तो नकाशे काढतो हे कळल्यावर काकांनी त्याला वंशवृक्ष काढायला बसवलं. दर रविवारी तो कल्याणहून ठाण्याला येऊ लागला. ओटीवर सतरंजी, सतरंजीवर ट्रेसिंगचं कापड. आमची शाखा काळ्या शाईत उतरत गेली. बहीण चिठ्ठी वाचायची, तो रेघ ओढायचा. कल्याणच्या शाखेपाशी आल्यावर तो थांबला. त्यानं आपल्या घराण्याची फांदी नीट काढली, पण ती खोडाला जोडली नाही. मधल्या जागेत पेन्सिलीची पुसट रेघ ठेवली.

"शाई का नाही?" काकांनी विचारलं.

"कुठल्या पिढीला जोडायची ते सांगा. लगेच शाई भरतो."

"कुठंही जोडा. जोडल्याशी कारण."

"एकाच माणसाची साक्ष आहे, काका," बहीण म्हणाली. "छापताना 'असे म्हणतात' लावावं लागेल."

"रेघेला 'असे म्हणतात' कसं लावणार?"

"म्हणूनच पेन्सिल," तो म्हणाला.

पुढच्या काही रविवारांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. इतर चिठ्ठ्यांना दोन पुरावे मिळाले की बहीण पुढे जाई. कल्याणच्या चिठ्ठीला मात्र दोन पुरणार नाहीत, तीन-चार लागतील, असं ती आधीच सांगून ठेवी. पेन्सिलीच्या रेघेजवळ शाईची दौत आली की ती दौत उचलून दुसरीकडे ठेवी. मी डोंबिवलीला परतल्यावर तिला विचारलं. तिनं आढेवेढे घेतले नाहीत.

"आम्हाला लग्न करायचंय. तू बाबांना सांग."

मी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "थोरल्यांना विचारा."

थोरल्यांना विचारलं. काकांनी वंशवृक्षावरून बोट फिरवत पेन्सिलीच्या रेघेपाशी आणलं.

"अगं, तो तुझा भाऊ लागतो."

"कितवा?" बहिणीनं विचारलं.

"कितवा ते ठरायचंय. पण भाऊच."

सगोत्र लग्नाला कायद्याची आडकाठी आता राहिलेली नाही, असं मी सांगून पाहिलं.

"कायद्याला सुतक येत नाही," काका म्हणाले. "कल्याणचं आणि आपलं एक आहे असं निघालं, तर हे लग्न या घरातून होणार नाही. नाही असं निघालं, तर मी स्वतः बोलणी करायला जाईन. काय ते शोधा. डबे तुमच्याकडेच आहेत."

ते अगदी न्याय्य होतं आणि त्यामुळेच कठीण होतं. वडील काकांचा शब्द मोडणार नव्हते आणि बहीण वडिलांचा मोडणार नव्हती. तिचं लग्न आता त्या पेन्सिलीच्या रेघेवर उभं होतं.

बहीण आणि मी कल्याणला गेलो. त्याच्या घरात सर्वांत वडील माणूस म्हणजे त्याच्या वडिलांची आत्या. सगळं घर त्यांना आत्याबाई म्हणे. विधवा झाल्यावर माहेरी परतलेल्या, बोलायला सडेतोड.

"तुमचं सुतक? मी स्वतः पाहिलंय की रे," त्या म्हणाल्या. "मी एवढीशी होते. गौरी बसायच्या होत्या. ठाण्याहून माणूस आला. अंगणातच उभा राहिला, 'ठाण्याचे थोरले गेले' म्हणाला, आडनाव सांगितलं आणि पाठ फिरवून गेला. असा निरोप्या आत येत नाही, पाणी पीत नाही. त्याला बस म्हणायचं नसतं. आमच्या गौरी राहिल्या. दहाव्याला बाबांनी आणि त्यांच्या भावानं मिशा काढल्या. मी बाबांना ओळखलंच नाही. रडून घर डोक्यावर घेतलं. म्हटलं, हा कोण आलाय आमच्या घरात."

"मग?"

"मग तेराव्याला दोघं ठाण्याला जाऊन जेवून आले."

स्वतः पाहिलेलं होतं. मिशीसकट. चिठ्ठी पहिल्या डब्यात गेली.

पुढच्या रविवारी मी काकांना आत्याबाईंचं काही न सांगता विचारलं, की कल्याणचे भाऊबंद तुम्हाला कधीपासून माहीत. काकांचा चेहरा उजळला.

"माझ्या आजोबांच्या तेराव्यापासून. वडील नेहमी सांगत. मिशा काढलेले दोघे जण आले, मांडवात बसले, जेवले. एक अक्षर बोलले नाहीत. इतकं दुःख. आमच्या लोकांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण मिशा काढून आलेल्या माणसाला तुम्ही कोण, असं कसं विचारणार? तेव्हापासून आपणही त्यांचं पाळतो."

दोन माणसं. एक कल्याणला, एक ठाण्याला. एकमेकांना कधी भेटलेली नाहीत आणि सांगतात ते तंतोतंत तेच. माझ्या नियमानं ही बातमी छापायलाच हवी होती.

परतताना बहीण माझ्यापुढे भराभर चालत होती. डोंबिवलीचं घर दिसू लागल्यावर म्हणाली, "छान झालं. तुझ्या नियमानं तो माझा भाऊ झाला."

"नियम माझा नाही. कचेरीचा आहे."

"मग कचेरीतच लावून टाक माझं लग्न. तिथल्या एखाद्या नियमाशी."

शाळेला सुट्टी लागली त्या दिवशी तिनं तिन्ही डबे जमिनीवर पालथे केले. विषयवार गड्ड्यांनी काही साधत नाही, असं तिचं म्हणणं होतं. सगळ्या चिठ्ठ्या बुडालेल्या सणांप्रमाणे लावायच्या. भिंतीकडे पाडवा, खिडकीखाली नारळी पौर्णिमा, मग गौरी, दसरा, दिवाळी, संक्रांत, होळी. दुपारपर्यंत सगळी खोली भरली. आईला चुलीकडे जायला वाट राहिली नाही, तेव्हा ती दसऱ्यावरून उडी मारून गेली. वडील वर्तमानपत्र घेऊन संक्रांतीवर बसले होते. त्यांना उठवून होळीवर बसवलं. तिथं त्यांनी पान उलटलं. वारा आला की आईनं झाऱ्यानं दिवाळी दाबून धरायची, असं ठरलं.

गौरीच्या ढिगात तीन चिठ्ठ्या एकाखाली एक आल्या. पहिली आत्याबाईंच्या मिशीची. दुसरी काकांच्या तेराव्याची. तिसरी 'भांडणं' या गड्डीतून निघालेली, काकांनीच फार पूर्वी सांगितलेली. काकांच्या आजोबांची एक लेक कल्याणला दिलेली होती. बाप गेल्याचं ठाण्याहून आपल्याला कळवलं नाही, बापाच्या सुतकात आपण गौरीचं गोडधोड जेवलो, म्हणून तिनं माहेर कायमचं तोडलं. तिच्या मुलानातवंडांशी आजही बोलणं नाही. चिठ्ठीखाली काकांचा शेरा होता: माणूस पाठवला होता, ते खोटं बोलतात.

बहिणीनं तीनही चिठ्ठ्या दोनदा वाचल्या. मग ती हसायला लागली. तिला थांबता येईना. आईला वाटलं, हिला काही झालं. बहिणीनं हातवारे करून मला जवळ बोलावलं आणि चिठ्ठ्या हातात दिल्या. मला कळायला थोडा वेळ लागला. मग मीही दिवाळीवर बसलो.

रविवारी ठाण्याला प्रश्न तिनं विचारले. कल्याणचा तो वंशवृक्षाजवळ बसला होता. काकू दारात तांदूळ निवडत होत्या.

"काका, पणजोबा गेले तेव्हा कल्याणला माणसं किती पाठवली होती?"

"एकच. खोटं बोलतात ते. माणूस गेला होता."

"कुणाकडे?"

"लेकीकडे. आणखी कुणाकडे पाठवणार? दुसरं कोण होतं तिथं आपलं?"

"मग मिशा काढून कोण आले?"

काकांनी दारातल्या काकूंकडे पाहिलं.

काकूंचे हात सुपात थांबले. "अगंबाई," त्या म्हणाल्या. "तो मेला चुकीच्या घरी गेला."

सगळं पटापट जुळत गेलं. निरोप्याला लेकीच्या सासरचं नाव धड ठाऊक नसावं. ठाण्याच्या लेकीचं घर कुठं म्हणून त्यानं आमचंच आडनाव विचारलं असेल आणि त्या आडनावाचं घर कल्याणात दुसरंच होतं. निरोप्या थांबत नाही, त्याला कुणी थांबवत नाही, म्हणून कोण गेलं हे विचारायची सोय नव्हती. कल्याणचे घाबरले. ठाण्याहून माणूस सांगायला येतो, आडनाव आपलंच घेतो, म्हणजे आपलंच कुणी असणार. न पाळल्याचा दोष लागतो, पाळल्याचा लागत नाही. तेराव्याला गेले, कुणी ओळखीचं दिसेना, म्हणून गप्प जेवले. आमच्यांनी त्या गप्प बसण्याला दुःख मानलं आणि उलट पाळायला सुरुवात केली. पुढे दोन्ही घरं एकमेकांचा पुरावा झाली. कचेरीत हे मी अनेकदा पाहिलं होतं. एक वर्तमानपत्र चुकीची बातमी छापतं, दुसरं ती उचलतं, आणि दुसऱ्यात वाचून पहिल्याची खात्री पटते.

काकांनी चष्मा काढून पुसला. "चिठ्ठ्या आहेत या," ते म्हणाले. "तुम्ही एकाखाली एक ठेवल्यात म्हणून हे दिसलं. वेगळ्या ठेवल्या असत्या तर?"

"वेगळ्या ठेवल्या होत्या, काका. म्हणूनच दिसत नव्हतं."

"दोन माणसं आमच्या आजोबांसाठी मिशा काढून आली," काका म्हणाले. "त्यांना मी परके म्हणू? विचार करावा लागेल."

त्यांना काय जड जात होतं, ते दिसत होतं. वृक्षाचा चांगला तिसरा हिस्सा जाणार होता. शिवाय कुणीतरी आपल्याकडच्या माणसासाठी इतकं केलं, ही गोष्ट ते आयुष्यभर अभिमानानं सांगत आले होते.

मी कल्याणला जाऊन आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग बोटांवर हिशेब करू लागल्या. कुठलं सुतक ठाण्याचं, त्यात काय बुडालं.

"माझी पहिली मंगळागौर इथं माहेरी व्हायची होती," त्या म्हणाल्या. "सोळा जणी बोलावलेल्या. सकाळी ठाण्याची कुणी काकू गेल्याचा निरोप आला. मेली ती कोण होती, ते तरी सांग मला."

एवढं विचारून आत्याबाई हसत सुटल्या, इतक्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. "आख्खी मंगळागौर घेऊन गेली रे. आणि मी तिच्यासाठी दहा दिवस तोंड पाडून बसलेली." मग डोळे पुसून म्हणाल्या, "तुझ्या काकांना सांग, मिशा परत उगवल्या होत्या."

हा निरोप मी पोचवला. काका हसले नाहीत. पुढचे काही रविवार वंशवृक्षाचं काम बंद राहिलं. कापड गुंडाळून कोपऱ्यात उभं होतं आणि बहीण त्याच्याकडे पाहायचं टाळत होती. मी विचारलं की काका म्हणत, "पाहू."

कल्याणच्या त्या मुलाच्या घरी एक चुलत आजोबा होते. फार वयस्क. गेलं वर्षभर दर अमावास्येला घरची माणसं जमत, गंगाजल काढत, आणि दुसऱ्या सकाळी आजोबा उठून चहा मागत. नारळी पौर्णिमेच्या पहाटे ते गेले. गेल्याचं घरात कुणाला लगेच खरं वाटलं नाही.

ठाण्याला कळवायचं का, असा प्रश्न निघाला. आत्याबाई म्हणाल्या, "कळवायचं. नेहमी कळवतो." आणि त्यालाच पाठवलं. जाताना त्याला म्हणाल्या, "सांग आणि थोडा वेळ उभा राहा. काय करतात ते बघून ये."

आम्ही सणासाठी ठाण्यातच होतो. काकांनी त्या दिवशी कापड उलगडून ओटीवर पसरलं होतं, नुसतं पाहायला. आतून नारळीभाताचा, गुळावेलचीचा वास येत होता. फाटक वाजलं. तो अंगणात आला आणि ओटीच्या खांबाला एक हात लावून उभा राहिला.

"आमचे चुलत आजोबा आज पहाटे गेले."

काका उठले. असं ऐकलं की या घरात पहिली गोष्ट म्हणजे आंघोळ. त्यांचा हात सवयीनं दोरीवरच्या पंच्याकडे गेला. पंचा त्यांनी ओढला. बहीण माझ्या शेजारी होती. तिनं माझं मनगट धरलं आणि बांगडी माझ्या हाडात रुतली. काकू कालथा घेऊन दारात आल्या.

"अहो, भात उतरवू की राहू दे?"

काका पंचा हातात धरून उभे राहिले. अंगणातल्या माणसाकडे पाहिलं. खाली कापडाकडे, मधल्या पुसट रेघेकडे पाहिलं. मग पंच्यानं चेहरा पुसला, नीट घडी केली आणि पुन्हा दोरीवर टाकला.

"तो खांबावरचा हात काढा," ते त्याला म्हणाले.

त्यानं हात काढला.

"मागं व्हा. आणखी मागं. तुम्हाला सुतक आहे. आम्हाला नाही. आमच्या घरात आज सण आहे, उगाच शिवाशिव नको."

तो दोन पावलं मागं सरला. त्याच्या चेहऱ्याचं काय करावं, हे त्याला कळत नव्हतं. चुलत आजोबा गेलेल्या माणसाला हसता येत नाही, आणि त्याला दुसरं काही जमतही नव्हतं. त्यानं खाली मान घातली.

"आणि त्या झाडाकडे पाहू नका," काका म्हणाले. "ते आमच्या कुळाचं आहे. त्यात तुमचा काही संबंध नाही."

"नाही," तो म्हणाला. "काहीच नाही."

"तेरावा उरकला की या. आत्याबाईंना घेऊन या. आता निघा. असल्या निरोपाला येतो म्हणत नसतात."

"बरं," तो म्हणाला. फाटकापर्यंत गेला, वळला, बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाला, "येतो."

काकांनी ऐकलं नाही असं दाखवलं. "भात वाढा," ते काकूंना म्हणाले.

बहीण तोवर मागच्या पडवीत पळाली होती. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती जात्यापाशी बसली होती आणि तरीही तिचं हसणं कुंपणापलीकडे ऐकू जात होतं. शेजारच्या वहिनी कुंपणाशी आल्या. त्यांनी काकूंना हाक मारून विचारलं, काय हो, एवढं काय झालं?

"काही नाही," काकू म्हणाल्या. "कल्याणला एक आजोबा वारले."